धनुष्यकाष्ठ

धनुष्य घडविण्यासाठी निवडून तोडलेले, फाडलेले आणि वाळवून मुरविलेले लाकूड. धनुष्याचा इतिहास सामान्यतः युद्धे व शिकार यांच्या अंगाने सांगितला जातो. तथापि एकाच लाकडापासून केलेल्या साध्या धनुष्याची गुणवत्ता बव्हंशी त्याला आकार मिळण्यापूर्वीच, म्हणजे झाड तोडल्यापासून लाकूड पुरते वाळेपर्यंतच्या काळात ठरते. हा काळ काही महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत असू शकतो आणि घाईने उष्णता देऊन तो आटोपू पाहिल्यास लाकडाला तडे जातात. त्यामुळे ज्या समाजांनी धनुष्यावर भिस्त ठेवली त्यांना लाकडाचा साठा आगाऊ करून ठेवणे भाग पडले. या गरजेपायी यूरोपात कायदे झाले, दूरवरचा व्यापार उभा राहिला आणि अखेरीस काही प्रदेशांतील अरण्यांतून एक वृक्षजाती जवळजवळ नाहीशी झाली. धनुष्य घडविण्यापूर्वीच्या, ओंडक्यातून फाडून काढलेल्या लांब तुकड्यास या नोंदीत ‘दंड’ असे म्हटले आहे.

लाकडाचे गुणधर्म : ताणलेल्या धनुष्याची लक्ष्याकडील बाजू म्हणजे पाठ व धनुर्धराकडील बाजू म्हणजे पोट. पाठीवरील तंतू ताणले जातात आणि पोटाकडील तंतू दाबले जातात. दोन्ही प्रकारचा भार सोसून पुन्हा मूळ स्थितीत येणारे लाकूड धनुष्यास योग्य होय. यू (शास्त्रीय नाव टॅक्सस बॅकाटा) या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड या दृष्टीने विशेष उपयुक्त असते. त्याचे बाहेरील पांढुरके रसकाष्ठ ताण चांगला सोसते, तर आतील तांबूस मध्यकाष्ठ दाब सोसते. त्यामुळे दोन्ही थर राखून दंड कापला की पाठ व पोट यांची सोय निसर्गतःच झालेली असते. एल्म, अ‍ॅश, मेपल, हिकरी, जूनिपर आणि उत्तर अमेरिकेतील ओसेज ऑरेंज ही इतर प्रसिद्ध धनुष्यकाष्ठे होत. ओसेज ऑरेंजला फ्रेंच वसाहतवाल्यांनी ‘धनुष्याचे लाकूड’ याच अर्थाचे नाव दिले होते. १८१० च्या सुमारास अरिकारा लोकांत या लाकडाच्या एका धनुष्याचे मोल एक घोडा व एक घोंगडी इतके होते, अशी नोंद प्रवासी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन ब्रॅडबरी यांनी केली आहे.

चेरीचे लाकूड पहिल्या पसंतीचे नव्हे. त्याची घनता मध्यम असते आणि ताण सोसण्यात ते यू किंवा हिकरीच्या मागे पडते. म्हणून चेरीच्या धनुष्याच्या भुजा रुंद व चपट्या ठेवतात, किंवा पाठीवर स्नायुतंतूंचा अथवा हिकरीच्या पट्टीचा थर चिकटवितात. परंतु यूरोप व उत्तर अमेरिका येथे बागांतून आणि रानांतून हे झाड सहज मिळते. शिवाय ताजे चेरीचे लाकूड वाळताना लवकर भेगाळते. त्यामुळे ओल्या धनुष्यकाष्ठाच्या जपणुकीचे जे सर्वसाधारण नियम आहेत त्यांची कारणे या लाकडात अगदी ठळकपणे दिसतात. हिमालयात आढळणारा व आयुर्वेदात पद्मकाष्ठ म्हणून परिचित असलेला पद्मक हा वृक्षही चेरीच्याच प्रजातीतील आहे.

ओल्या लाकडाची तयारी व साठवण : ताज्या लाकडातील पाणी काही पेशींच्या पोकळ्यांत व काही पेशीभित्तींत असते. पोकळ्यांतील पाणी निघून जाते तेव्हा लाकडाचे आकारमान बदलत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सु. ३० टक्क्यांवर आले, की पेशीभित्ती सुकू लागतात आणि लाकूड आकसू लागते. हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. अमेरिकेतील काळ्या चेरीचे लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सु. ७ टक्के, केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ३·७ टक्के आकसते. लांबीत मात्र ते नाममात्रच कमी होते. ओंडका अखंड ठेवला तर परीघ जितका लहान होऊ पाहतो तितका गाभा होऊ देत नाही आणि ओंडक्यास सालीपासून भेंडापर्यंत उभी भेग पडते. ओंडका भेंडातून दोन किंवा चार भागांत फाडला, की प्रत्येक भाग मोकळेपणाने आकसतो. हे गणित माहीत नसतानाही जगभरच्या कारागिरांनी ओंडका लवकर फाडण्याचा नियम पाळला आहे.

झाडाची तोड शक्यतो हिवाळ्यात, पाने गळाल्यावर करतात. थंडीत लाकूड सावकाश वाळते, बुरशी व कीड यांचा उपद्रवही कमी असतो. वसंतात तोडलेल्या झाडाची साल मात्र हाताने सोलून निघते व तिच्याखालचे वलय अभंग राहते, म्हणून काही कारागीर मुद्दाम त्या वेळी तोड करतात. खोड सरळ, गाठी व फांद्या नसलेले आणि पीळ न पडलेले असावे लागते. पुष्कळ झाडांच्या सालीवरील उभ्या रेषांवरून आतील तंतूंचा पीळ ओळखता येतो. चेरीच्या सालीवर आडव्या खुणा असल्यामुळे ही कसोटी तेथे लागू पडत नाही. ओंडका फाडल्यावरच खरे काय ते कळते.

पाणी सर्वांत वेगाने निघते ते कापलेल्या टोकांतून. टोके आधी सुकून आकसतात, मधला भाग ओलाच राहतो, आणि टोकाकडून सुरू झालेली भेग दंडाच्या बऱ्याच लांबीपर्यंत शिरते. यासाठी झाड पडल्याच दिवशी टोकांना चरबी, मेण, डांबर, घट्ट सरस किंवा रंग यांचा जाड लेप देतात. त्यानंतर पाचरी ठोकून ओंडका फाडतात. करवतीचे पाते तंतू छेदून जाते, पण पाचरीची फाड तंतूंच्या वाटेने जाते, हा फाडण्याचा मोठा फायदा होय. साल ठेवावी की काढावी, याबाबत एकमत नाही. साल ठेवल्यास लाकूड हळू वाळते, पण तिच्याखाली किडे अंडी घालतात. साल काढल्यास किडे टळतात, पण उघड्या पाठीवर बारीक भेगा पडू लागतात. म्हणून साल काढलेल्या पाठीलाही टोकांप्रमाणेच लेप देतात. दंड वाळताना वाकू नये यासाठी तो काहीसा तासून, जाडी कमी करून, सरळ फळीला बांधून ठेवण्याचीही पद्धत आहे.

साठवणीची जागा सावलीची, खेळत्या हवेची व एकसारख्या तापमानाची असावी लागते. दंड जमिनीवर न ठेवता आढ्याखाली किंवा आडव्या खुंट्यांवर, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवतात. वाळण्याची प्रगती वजनावरून समजते. वजन घटण्याचे थांबले की लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल साधून राहिले, असे मानतात. तयार धनुष्यात पाण्याचे प्रमाण सु. ८ ते १० टक्के असणे इष्ट असते. त्याहून ओल्या लाकडाचे धनुष्य ताणल्यावर वाकलेलेच राहते आणि त्याचा जोर जातो. अतिशय कोरडे झालेले लाकूड ऐन ताणात मोडते.

प्राचीन अवशेष : धनुष्ये लाकडाची असल्याने त्यांचे प्राचीन अवशेष दलदलीत, बर्फात किंवा पाण्याखालीच टिकून राहिले आहेत. डेन्मार्कमधील होल्मेगोर येथील दलदलीत मिळालेली एल्मची धनुष्ये सु. ९,००० वर्षांपूर्वीची आहेत. इंग्लंडमधील सॉमरसेट येथे मीअर हीथ या दलदलीच्या जागी नवाश्मयुगातील यूचे धनुष्य सापडले. १९९१ मध्ये आल्प्समधील ओट्झ खोऱ्याच्या माथ्यावर बर्फात आढळलेल्या, सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या मनुष्याजवळ यूचा सु. १·८२ मी. लांबीचा दंड होता. त्यावर कुऱ्हाडीच्या फटक्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्याला प्रत्यंचेसाठी खाच पाडलेली नव्हती. भात्यातील चौदा बाणांपैकी दोनच पुरे झालेले होते. धनुष्यकाष्ठ अर्धवट घडलेल्या अवस्थेत मालकाबरोबर फिरत असल्याचा याहून जुना व स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या पद्धती : लाकूड वाळविण्याची सर्वांत विलक्षण रीत नेव्हाडा व त्याच्या आसपासच्या कोरड्या प्रदेशात आढळते. तेथील लोक जूनिपरच्या उभ्या झाडावर सरळ तंतूंचा भाग निवडून त्याच्या दोन्ही टोकांना आडव्या खाचा पाडीत. त्यामुळे मधल्या पट्टीचा जीवनरस तुटे व ती झाडावरच वाळत राही. काही वर्षांनी ती फाडून काढीत; झाड मात्र जिवंत राही. जखमेच्या कडेने नवे लाकूड वाढल्यावर त्याच झाडावरून पुन्हा दंड घेता येत असे. असे व्रण असलेली झाडे आजही उभी आहेत व त्यांच्यावरील सविस्तर संशोधन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे झाड हेच कोठार होते, आणि दंडाच्या साठ्यासाठी झाडाचा बळी द्यावा लागत नव्हता. यूरोपातील यूच्या वाट्याला आलेल्या गतीशी ही रीत ताडून पाहण्याजोगी आहे.

कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा मनुष्य म्हणून ओळखला जाणारा इशी १९११ मध्ये ओरोव्हिल येथे आढळला व १९१६ मध्ये मरण पावेपर्यंत सॅन फ्रॅन्सिस्को येथील संग्रहालयात राहिला. त्याची धनुष्ये करण्याची पद्धत सॅक्स्टन पोप या डॉक्टरांनी लिहून ठेवली. इशी जूनिपरची फांदी फाडून तिचे रसकाष्ठासह बाहेरचे थर घेई, वाळूच्या खडकावर घासून त्यांना आकार देई व तापलेल्या दगडावर टोके वळवी. मग तो दंड दुसऱ्या लाकडाला बांधून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवून देई. गरजेनुसार ही साठवण काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत चाले. दंड मुरल्यानंतरच तो पाठीवर स्नायुतंतू चढवीत असे. आधुनिक छांदिष्ट धनुष्यकारांची परंपरा पुष्कळशी पोप यांच्या या टिपणांपासून सुरू होते.

आशियातील परंपरा : मध्य व पश्चिम आशियातील संयुक्त धनुष्यात लाकूड हा केवळ गाभा असतो, ताण स्नायुतंतूंवर व दाब शिंगावर पडतो. तुर्की धनुष्याचा गाभा मेपलचा असे, आणि लाकडाइतकाच सरस वाळण्यासही वेळ द्यावा लागे. जपानमध्ये प्राचीन काळी ‘अझुसा’ लाकडाची धनुष्ये प्रसिद्ध होती. अझुसा म्हणजे कोणते झाड, याविषयी बराच वाद झाला. बहुतेक अभ्यासक ते बर्चच्या एका जातीचे मानतात. तिची साल चेरीसारखी दिसत असल्यामुळे जपानीत तिच्या एका नावात ‘चेरी’ हा शब्द आला आहे. जुन्या वर्णनांतील चेरीच्या धनुष्यांविषयी वाचताना ही गल्लत ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

भारतात कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड व शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. त्याच ग्रंथात आयुधागाराच्या अध्यक्षाने शस्त्रांच्या जागा वारंवार बदलाव्यात, त्यांना ऊन व वारा द्यावा आणि उष्मा, ओल किंवा कीड यांमुळे बिघडू लागलेल्या वस्तू अन्यत्र हलवाव्यात, असा आदेश आहे. धातूच्या शस्त्रांपेक्षा लाकडी शस्त्रांनाच तो अधिक लागू पडतो. अग्निपुराणातील धनुर्वेदविषयक भागात चंदन, वेतस, साल, ककुभ इ. झाडांचा उल्लेख असून शरद ऋतूत तोडलेल्या वेळूचे धनुष्य सर्वश्रेष्ठ म्हटले आहे. पावसाळ्यातील वाढ संपल्यानंतरची ही तोड यूरोपातील हिवाळी तोडीशी तत्त्वतः जुळणारी आहे. महाराष्ट्रातील पानझडी वनांत वाढणाऱ्या धामण या वृक्षाचे संस्कृत नाव धन्वन असे असून त्याच्या चिवट लाकडाच्या धनुष्यासाठीच्या उपयोगाची आठवण त्या नावात राहिली आहे. खानदेश व सातपुडा भागातील भिल्लांची कामठी बांबूची असते. तिची प्रत्यंचाही पुष्कळदा बांबूच्याच पातळ पट्टीची करतात.

इंग्लंडचा यू-व्यापार : धनुष्यकाष्ठाच्या साठ्यावर एका राज्याचे संरक्षण अवलंबून राहिल्याचे सर्वांत ठळक उदाहरण मध्ययुगीन इंग्लंडचे होय. क्रेसी (१३४६) व अ‍ॅझिनकोर्ट (१४१५) येथील विजयांत लांब धनुष्याचा मोठा वाटा होता. धनुर्धरांच्या कौशल्याचे इंग्रजी इतिहासग्रंथांत जेवढे गुणगान आहे, त्या मानाने त्यांच्या हातातील लाकूड कोठून आले याचा विचार थोडा झाला. खुद्द इंग्लंडमधील यू बहुधा गाठाळ व वेडावाकडा वाढतो. थंड, उंच डोंगराळ भागात सावकाश वाढलेल्या यूची वलये दाट व लाकूड सरळ असते; म्हणून उत्तम दंड परदेशातूनच येत. अशा आयातीची पहिली लेखी नोंद १२९४ ची आहे. चौथ्या हेन्रीने (कार. १३९९–१४१३) आपल्या धनुष्यकारास खाजगी जमिनींत शिरून यू व इतर झाडे तोडण्याचा अधिकार दिला होता, यावरून टंचाईची कल्पना येते. कारागिरांच्या संघटनाही याच काळात वेगळ्या होत गेल्या; लंडनमधील धनुष्यकार व बाण करणारे यांचे व्यवसाय १३७१ मध्ये विभक्त झाले.

१४७२ च्या कायद्याने व्हेनिस आणि जेथून दंड येत अशा इतर ठिकाणांहून माल आणणाऱ्या प्रत्येक जहाजाने मालाच्या दर टनामागे चार दंड आणावेत, असे बंधन घातले. कमी पडलेल्या प्रत्येक दंडामागे ६ शिलिंग ८ पेन्स दंडाची रक्कम होती. तरीही भाव चढतच गेले. पूर्वी शेकडा सु. दोन पौंडांना मिळणारे दंड आठ पौंडांवर गेल्याची तक्रार तिसऱ्या रिचर्डच्या १४८४ च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने माल्मसी मद्याच्या प्रत्येक पिंपामागे दहा दंड आणणे सक्तीचे केले. १५१० मध्ये व्हेनिसचे व्यापारी शेकड्यास सोळा पौंड मागू लागले. मद्य पिणाऱ्यांच्या हौसेवर देशाच्या संरक्षणाचा भार टाकणारा हा कायदा विनोदी वाटला, तरी त्यामागचा हिशेब पक्का होता. यूचा दंड मुरण्यास एक-दोन वर्षे व धनुष्य पुरे होण्यास कधीकधी चार वर्षे लागत. युद्ध सुरू झाल्यावर लाकूड मागवून उपयोग नव्हता. झाड विकत घेता येई, मुरण्याचा काळ विकत घेता येत नसे. तो साठ्याच्या रूपाने आधीच जमवावा लागे.

या मागणीची किंमत मध्य यूरोपच्या अरण्यांनी मोजली. यू अतिशय सावकाश वाढतो, आणि एका झाडाच्या खोडातून गाठी नसलेले दंड थोडेच निघतात. बाकीचे लाकूड वाया जाई. पोलंडमध्ये १४२३ च्या वार्का येथील कायद्याने यूच्या तोडीवर निर्बंध घालण्यात आले; वृक्षसंरक्षणाच्या जुन्या कायद्यांत त्याची गणना होते. दक्षिण जर्मनी व ऑस्ट्रिया येथे तोडीचे व निर्यातीचे मक्ते दिले जात. १५०७ मध्ये पवित्र रोमन सम्राटाने बव्हेरियाच्या ड्यूकला यूची तोड थांबविण्यास सांगितले, पण व्यापार किफायतशीर असल्याने ती चालूच राहिली. १५३२ मध्ये मक्ता देताना, तितकी झाडे असतील तर, अशी पुस्ती जोडावी लागली. १५६२ मध्ये बव्हेरियाच्या शासनाने सम्राटाकडे सविस्तर निवेदन पाठवून तोड बंद करण्याची मागणी केली. निवडक झाडे काढून घेतल्याने वनाचे छत्र फुटते व वाऱ्याने शेजारची झाडेही कोसळतात, हे त्यातील निरीक्षण आजच्या वनशास्त्रज्ञालाही मान्य होण्यासारखे आहे. १५६८ मध्ये तोडण्याजोगा यू न उरल्याने मक्ता देण्यात आला नाही. सतराव्या शतकातील तेथील वनविषयक नोंदींत यूचा उल्लेखच येत नाही.

यूची चणचण भासू लागल्यावर इंग्लंडने दुय्यम लाकडांकडे मोर्चा वळविला. १५६६ च्या कायद्यानुसार लंडनमधील प्रत्येक धनुष्यकाराने एल्म, विच एल्म, हेझल किंवा अ‍ॅश यांची पन्नास धनुष्ये सदैव तयार ठेवावयाची होती. अखेर १५९५ मध्ये प्रिव्ही काउन्सिलने शिक्षित लष्करी तुकड्यांतून धनुष्य काढून टाकण्याचे ठरविले. याचे श्रेय वा अपश्रेय केवळ यूच्या तुटवड्यास देणे बरोबर होणार नाही. बंदुकीचा प्रसार आणि धनुर्धर तयार होण्यास लागणारी दीर्घ तालीम ही कारणे अधिक बलवत्तर होती. परंतु दुसऱ्या देशातील पर्वतांवर वाढणाऱ्या व झपाट्याने संपत चाललेल्या एका झाडावर विसंबणे दिवसेंदिवस कठीण होत गेले, यात शंका नाही.

धनुष्यकाष्ठाच्या निवडीविषयी व निगेविषयी इंग्रजीतील महत्त्वाचे विवेचन रॉजर अ‍ॅस्कम यांच्या टॉक्सोफिलस (१५४५) या ग्रंथात आहे. फांदीचे, कोवळ्या रोपाचे व मुख्य खोडाचे अशा तीन प्रकारच्या धनुष्यांत खोडाचे धनुष्य त्यांनी श्रेष्ठ ठरविले. धनुष्य मेणाच्या लोकरी फडक्याने पुसावे; दगडी भिंतीला टेकून ठेवल्यास ते ओल धरून दुबळे होते व आगीजवळ ठेवल्यास ठिसूळ होते, असा त्यांचा इशारा आहे. म्हणजे जी पथ्ये ओल्या दंडाला तीच तयार धनुष्याला. लाकूड मुरले म्हणून हवेशी त्याची देवघेव संपत नाही.

योगायोग असा, की ज्या वर्षी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी १९ जुलै रोजी आठव्या हेन्रीची मेरी रोझ ही युद्धनौका सोलंट खाडीत बुडाली. चिखलात गाडल्या गेल्याने तिच्यातील १३७ अखंड धनुष्ये व ३,५०० हून अधिक बाण टिकून राहिले. नौकेचा सांगाडा ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पाण्याबाहेर काढण्यात आला. ही सर्व धनुष्ये यूची असून त्यांची लांबी १·८७ ते २·११ मी. आहे. त्यांतील दाट वलयांचे लाकूड इंग्लंडबाहेरच्या डोंगराळ भागातील असावे, असे मानतात. चार शतकांहून अधिक काळ समुद्रतळी राहिलेली काही धनुष्ये काळजीपूर्वक वाळविल्यानंतर त्यांना प्रत्यंचा चढवून ती ताणण्यातही आली. पेशींची झीज झाल्यामुळे त्यांचा जोर मूळच्याइतका भरला नाही. म्हणून अमेरिकेतील ऑरेगनच्या यूपासून त्यांच्या प्रतिकृती करून मोजमापे घेण्यात आली. त्यांवरून मूळ धनुष्ये ताणण्यास १०० ते १८५ पौंडांचा भार लागत असावा, असे अनुमान करण्यात आले आहे.